आईच्या गुडघ्यासाठी सोलापुरात ऑर्थोपेडिक सर्जन शोधतेय. डिग्री आणि कॅशलेस नक्की कसं तपासायचं?

लेक_जुळेसोलापूर

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझी आई ७१ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेत, डावा जास्त. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेत. जन्मभर खाली बसून भाकऱ्या थापल्या, सणावाराला कडक भाकरीचा ढीगच्या ढीग रचायची. आता ओट्यापाशी उभी राहून दोन भाकऱ्या झाल्या की दोन्ही कोपरं ओट्यावर टेकून, मान खाली घालून थांबते. तिसरी थापायला वेळ लागतो. यंदा गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला सुद्धा आली नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

मागच्या आठवड्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये दाखवलं. नाव लिहीत नाही. आईला टेबलावर झोपवून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "दोन्ही एकदमच बदलून टाकू, पुढच्या आठवड्यात या." तीन-चार मिनिटांत विषय संपला. आईला मधुमेह आहे हे मी दारातून बाहेर पडताना सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं. दारावरच्या पाटीवर एमबीबीएस, डी. ऑर्थो. आणि पुढे चार फेलोशिप, प्रत्येकीपुढे परदेशातल्या एका शहराचं नाव. यातलं शिक्षण कुठलं आणि भेट देऊन आलेलं कुठलं, हे मला कळत नाही.

खाली विम्याच्या टेबलावरच्या मुलीने पॉलिसीचं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "कॅशलेस आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका." पॉलिसी ५ लाखांची, घेऊन २ वर्षं ४ महिने झाले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पेपरवर पाच वर्षांपासून दुखतंय असं लिहिलंय, ते आपण दीड वर्ष करून घेऊ, नाहीतर कंपनी अडवते." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी पतसंस्थेत नोकरी करते. कागदावर तारीख फिरवली की पुढे काय होतं हे मी रोज बघते.

तर माझे प्रश्न: डॉक्टर खरंच त्या विषयात शिकलेले आहेत हे घरबसल्या कसं बघायचं? हॉस्पिटल कॅशलेस देतं हे कोणाच्या तोंडून ऐकलं म्हणजे खरं धरायचं? आणि ते दीड वर्षाचं काय करू? आईला मी अजून काही बोललेले नाही. तिला वाटतंय तारीख ठरली.

पार्कचौक

ताई, पुण्याला न्या. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, दाखवून रात्री परत. आमच्या सासूबाईंचं तिकडंच केलं, चांगलं झालं. इथं कशाला जोखीम घ्यायची?

मागवाला_अक्कलकोटरोड

पार्कचौक, तुमचं पुण्याचं म्हणणं समजतं, पण ऑपरेशननंतर टाके काढायला, ड्रेसिंगला, सहा आठवड्यांनी दाखवायला तो म्हातारा पाय घेऊन कितीदा रेल्वेत बसवणार? सोलापुरात सिव्हिलला मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे. तिथं शिकून इथंच राहिलेले हाडांचे चांगले डॉक्टर आहेत. गावात शोधा ताई, फक्त डोळे उघडे ठेवून शोधा.

आमच्या वडिलांचं सांगतो, म्हणजे तुमच्याकडून तीच चूक होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वडील पहाटे मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. "लई दुखालंय रे, उचलू नको," एवढंच बोलले. खाटेसकट टेम्पोत ठेवून जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. आत शिरताना समोरच्या भिंतीवर सगळ्या विमा कंपन्यांच्या पाट्या, त्यात आमच्या कंपनीचीही. ती बघूनच निर्धास्त झालो. अॅडमिट झाल्यावर तीन तासांनी कळलं की आमच्या कंपनीचा आणि त्यांचा करार दोन महिन्यांपूर्वीच संपलाय. पाटी मात्र भिंतीवर तशीच होती. ८०,००० रुपये तिथल्या तिथं भरायला सांगितले. शनिवारी कामगारांना वाटायचे पैसे मी शुक्रवारी आणून ठेवतो, तेच नेऊन भरले. शनिवारी चौदा माणसांना सोमवारपर्यंत थांबा म्हणालो. कुणी काही बोललं नाही, पण मला ते अजून बोचतं.

त्यामुळे पहिली गोष्ट: कॅशलेस आहे की नाही हे हॉस्पिटलला विचारायचंच नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हॉस्पिटलचं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड सांगायचा आणि "आजच्या तारखेला नेटवर्कमध्ये आहे का, ते मेलवर कळवा" म्हणायचं. मेल आला तरच खरं. एकाच नावाची दोन हॉस्पिटलं असतात, एक नेटवर्कमध्ये आणि दुसरं नाही, असंही होतं.

दुसरी गोष्ट खोलीची. आमची पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. साधी खोली रिकामी नाही म्हणून ५,५०० च्या खोलीत टाकलं. मला वाटलं वरचे अडीच हजार रोज आपण भरू, विषय संपला. तसं नसतं. खोली जेवढ्या पटीने महाग, तेवढ्या पटीने भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी हे सगळं कापतात. आमच्या बिलात असले खर्च १,१०,००० चे होते, त्यातले साधारण ६०,००० मिळाले. ५०,००० आपल्या खिशातून. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेला सांधा यांना ही कात्री लागत नाही, म्हणून निभावलं.

तिसरी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. ऑपरेशन करायला सर्जन बाहेरून आले होते. त्यांची फी ३५,००० त्यांच्याच पावतीवर वेगळी घेतली, हॉस्पिटलच्या बिलात ती नव्हती. कंपनीने ती पावती बाजूलाच ठेवली. तेव्हा आधीच विचारा, सर्जनची फी हॉस्पिटलच्या बिलात येणार का. आणि नसेल येणार तर येईल अशी व्यवस्था करायला लावा.

आणि शेवटचं, स्टिकर. आत बसवलेल्या सांध्याच्या प्रत्येक भागाच्या डब्यावर बोटाएवढी चिकटपट्टी असते, तीवर कंपनीचं नाव, मापाचा आकडा, बॅच नंबर, बारकोड. ऑपरेशन झालं की ती काढून केसपेपरवर चिकटवतात. आमच्या फाइलमध्ये ती नव्हती. थिएटरमधल्या एका मामांनी तिसऱ्या फेरीला एका जुन्या रजिस्टरमधून शोधून दिली. ती सापडली नसती तर सांध्याचे पैसे अडकले असते. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फाइल मागून त्या पट्ट्यांचा फोटो काढून ठेवा.

वडील आता काठी घेऊन कारखान्यात येऊन बसतात. डॉक्टरांच्या हाताला मी नाव ठेवत नाही.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघे बदललेले पेशंट रोज हाताखालून जातात. तुमची पोस्ट वाचून पहिलं खटकलं ते एक्स-रेचं. झिजलेल्या गुडघ्याचा एक्स-रे उभं करून, वजन पायावर टाकून काढायचा असतो. झोपवून काढला तर दोन हाडांमधली फट आहे त्याहून जास्त दिसते आणि पाय किती वाकलाय तेही कळत नाही. झोपवून काढलेल्या एका फिल्मवर दोन्ही गुडघे बदलायचा निर्णय मी तरी मान्य करणार नाही. आधी उभ्याचा एक्स-रे काढून घ्या आणि दुसऱ्या सर्जनला दाखवा. दुसरं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे, कुणाला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. पहिल्या हॉस्पिटलकडे पेपर मागितले की त्यांना ते ७२ तासांच्या आत द्यावे लागतात.

आता डिग्रीचं. एमबीबीएसनंतर हाडांच्या विषयात तीन वर्षांचं एम.एस. ऑर्थो. किंवा डी.एन.बी. ऑर्थो. असतं, आणि दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे डी. ऑर्थो. डिप्लोमावाले डॉक्टर कमी असतात असं मुळीच समजू नका. वीस-वीस वर्षं फ्रॅक्चर बसवणारे उत्तम हात मी बघितलेत. पण सांधेरोपण हे वेगळं काम आहे. त्यासाठी डॉक्टरांनी कुणाच्या हाताखाली, किती महिने, काय केलं हे विचारलंच पाहिजे. फेलोशिप एक वर्षाची असते तशी दोन आठवडे नुसतं बघण्याचीही असते, आणि पाटीवर दोन्ही सारख्याच अक्षरात रंगवता येतात. "सर, ही फेलोशिप किती काळाची होती?" हा प्रश्न शांतपणे विचारा. ज्यांनी खरंच वर्ष काढलंय ते आनंदाने सांगतात.

नोंदणी बघणं सोपं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असावाच लागतो. तो घेऊन महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर जा. नाव, नोंदणी चालू आहे का, एमबीबीएसनंतरची पदवी तिथं नोंदवली आहे का, हे बघा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे तारीखही बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर देशभराचं रजिस्टर आहे, पण तिथली माहिती बऱ्याचदा जुनी असते. तिथं पुढची पदवी दिसली नाही म्हणून लगेच डॉक्टर खोटा ठरवू नका, राज्याच्या परिषदेचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. बरेच डॉक्टर विजापूर, गुलबर्ग्याला शिकून आलेत. त्यांची पदवी तितकीच पक्की आहे, पण इथं प्रॅक्टिस करायची तर नोंदणी महाराष्ट्राची हवी. नुसता कर्नाटकचा नंबर असेल तर विचारा.

हॉस्पिटलचीही नोंदणी असते, शुश्रूषागृह कायद्याखाली महापालिकेची. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्यावर खाटांची संख्या आणि मुदत लिहिलेली असते. दोन मिनिटं उभं राहून वाचा.

याहून महत्त्वाचं म्हणजे सर्जन काय विचारतो ते बघा. चांगला सर्जन पेशंटला चार पावलं चालायला लावतो, गुडघा हातात धरून वाकवतो, सरळ करतो, शुगर विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारतो, दात किडलेत का, लघवीला जळजळ आहे का हेही विचारतो. कारण शरीरात कुठंही जंतू असले तर ते नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि सांध्यात गेलेला जंतू ही फार वाईट गोष्ट आहे. घरी जिना किती पायऱ्यांचा, संडास कसला, हे विचारणारे डॉक्टर मला फार आवडतात. तुमच्या आईला यातलं काहीच विचारलं नाही, आणि मधुमेह असताना दोन्ही एकदम करायला सांगितलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

लेक_जुळेसोलापूर

फिजिओताई, मागवाला दादा, तुमचे किती आभार मानू. तुमच्या दोघांच्या पोस्टची प्रिंट काढून फाइलला लावलीय. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे, आज रात्री बघते.

पण माझा तिसरा प्रश्न राहिलाच. त्या दीड वर्षाचं काय?

निवृत्त_क्लेमटेबल

ताई, मी ३१ वर्षं विमा कंपनीत काढली, त्यातली शेवटची बारा क्लेमच्या टेबलावर. त्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आणि स्पष्ट देतो. तारीख बदलू देऊ नका.

कंपनीचा माणूस आधी काय मागतो माहीत आहे? पहिल्या भेटीचा पेपर, जुने एक्स-रे, घराजवळच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही विचारपूस होते. एका पेपरवर पाच वर्षं आणि दुसऱ्यावर दीड, किंवा पाचाच्या आकड्यावर गिरवलेलं, असं दिसलं की मग गुडघा बाजूला राहतो आणि फसवणुकीचा शेरा येतो. क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग आईच्या हृदयाला, डोळ्याला उद्या काही झालं तरी हातात काही नाही. ती टेबलावरची मुलगी तेव्हा तिथं नोकरीलाही नसेल.

नियम असा आहे. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचं डॉक्टरांनी निदान केलं किंवा उपचार केले, तो आधीपासूनचा आजार. त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, आधी हे ४८ होते. शिवाय झिजेमुळे होणाऱ्या सांधेरोपणाला बहुतेक पॉलिसींत वेगळी थांबण्याची मुदत असते, कुठं २४ महिने, कुठं ३६. तुमच्या पॉलिसीत किती ते पुस्तिकेत बघा. अपघाताने सांधा मोडला तर ही मुदत लागत नाही, म्हणून मागवालांच्या वडिलांचं झालं. नुसतं घरी तेल चोळून दुखणं काढलं असेल तर तो आधीचा आजार धरता येत नाही. म्हणून मला सांगा, पॉलिसी घेण्याआधी गुडघ्यासाठी कुठे डॉक्टरकडे गेला होता का? आणि अर्ज भरताना काय लिहिलं होतं?

लेक_जुळेसोलापूर

गेलो होतो काका. चार वर्षांपूर्वी घराजवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला होता, "झीज आहे" म्हणाले, गोळ्या दिल्या. तो एक्स-रे अजून कपाटावर आहे. अर्ज माझ्या भावाने एजंटसमोर बसून भरला. मधुमेह लिहिलाय, गुडघ्याचं नाही लिहिलं. लपवायचं म्हणून नाही, त्याला आठवलंच नाही.

निवृत्त_क्लेमटेबल

म्हणजे एक्स-रे पॉलिसीच्या साधारण वीस महिने आधीचा. तो ३६ महिन्यांत बसतो, त्यामुळे हा आधीपासूनचा आजारच ठरेल. तुमचे २८ महिने झालेत, कमीत कमी आठ महिने बाकी. आज क्लेम टाकला तर नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त, आणि तो नाकारणं नियमाला धरून असेल. भावाला दोष देऊ नका, निम्म्या अर्जांत हेच असतं. पण आता कंपनीला लेखी कळवा, की अर्जात हे राहून गेलं, हा एक्स-रे, ही तारीख. कंपनी हप्ता वाढवेल किंवा मुदत लावेल. माझ्या अनुभवात स्वतःहून सांगणाऱ्याशी कंपनी बरी वागते. पोचपावती ठेवा.

आता तुमच्या आईसाठी दुसरा रस्ता सांगतो. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आणि त्यात जुन्या आजाराला थांबायची मुदत नाही, पहिल्या दिवसापासून धरतात. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. ती २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं. या योजनांच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, हेल्पलाइन १५५३८८. त्याला नेमकं विचारायचं: या हॉस्पिटलला हाडांच्या विभागासाठी मान्यता आहे का, गुडघारोपण इथं बसतं का. हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे सगळी ऑपरेशनं तिथं होतात असं नाही.

पुढे कधी खासगी पॉलिसीवर काही करायची वेळ आली तर एवढं लक्षात असू द्या. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एक तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असा २०२४ पासून नियम आहे. वॉकर, गुडघ्याचा पट्टा, हातमोजे हे बहुधा मिळत नाही, ते पैसे बाजूला ठेवा. आणि सांध्याच्या किमतीला सरकारची कमाल मर्यादा आहे. २०१७ साली साध्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली, त्याआधी दीड लाखाच्या पुढे घेत. पुढे त्यात थोडे बदल झालेत. बिलात प्रत्येक भागाचं नाव, बॅच आणि किंमत वेगळी लिहून मागा. नुसतं "पॅकेज" लिहिलेलं बिल घेऊ नका.

कंपनीने अन्याय केला, तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, सोलापूर त्यांच्याकडेच येतं. फी नाही, वकील लागत नाही. पण तिथं जायचं तर आपला कागद स्वच्छ हवा. म्हणून म्हणालो, तारीख बदलू देऊ नका.

लेक_जुळेसोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा.

आधी ते पहिले डॉक्टर. राज्याच्या परिषदेच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव आहे, नोंदणी चालू आहे, डी. ऑर्थो. नोंदवलेली आहे. म्हणजे खोटं काही नव्हतं, हे इथं लिहिणं मला गरजेचं वाटतं. फेलोशिपचं विचारायला मी फोन केला, तर "ते मॅडम भेटल्यावर बोलू" म्हणाले. पुन्हा गेले नाही. पेपर मात्र मागून घेतले. पाच वर्षं हा आकडा जसाच्या तसा आहे, मी समोर उभं राहून बघितलं.

मग सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत गेलो. सकाळी साडेआठला रांगेत लागलो, नंबर सव्वाबाराला आला. आईला बसायला एका बाईंनी आपली जागा दिली. तिथल्या डॉक्टरांनी तिला भिंतीपासून दारापर्यंत दोनदा चालायला लावलं. उभ्याचा एक्स-रे काढला. त्यात डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं मला सुद्धा दिसलं, मधे फटच नाही. उजव्यात अजून थोडी फट आहे. डाव्याचं ऑपरेशन लागेल, उजव्याची घाई नाही, दोन्ही एकदम तर नाहीच, असं ते म्हणाले. तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी केली, ९.१ आली. "ही आठच्या खाली आणा, मग तारीख." आईने विचारलं, परत खाली बसता येईल का? ते म्हणाले, "मावशी, चालता येईल, जिना चढता येईल, खाली मांडी घालून बसायचं नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चालता आलं तर बास."

एका खासगी सांधेरोपण करणाऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं. एम.एस. ऑर्थो., फेलोशिप किती दिवसांची विचारल्यावर लगेच म्हणाले एक वर्ष, आणि कुणाच्या हाताखाली तेही सांगितलं. निदान तेच निघालं. घरात पायऱ्या किती हेही विचारलं, फिजिओताई!

वय वंदना कार्ड निघालंय. पेपर आरोग्यमित्राकडे दिलेत, कुठल्या हॉस्पिटलमध्ये कसं बसतं ते कळवणार आहे. कंपनीला एक्स-रेच्या तारखेसह पत्र दिलं, पोचपावती घेतली. भाऊ सही करताना रडवेला झाला होता, त्याला काकांचं "निम्म्या अर्जांत हेच असतं" वाक्य दाखवलं.

तोवर ओट्याशेजारी उंच स्टूल आणून ठेवलंय, आई त्यावर अर्धवट टेकून भाकरी थापते. आता चार होतात.

फिजिओताई, एक विचारायचंय. ऑपरेशनच्या आधीच मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले तर नंतर फायदा होतो असं खासगीतले डॉक्टर म्हणाले. तीन महिने हातात आहेत. रोज काय, किती वेळा करायचं?

फिजिओताई

हो, आजपासूनच सुरू करा. पाय पलंगावर लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, आपला सोलापुरी जाड टॉवेल उत्तम. गुडघ्याने तो खाली दाबायचा, मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, दोन्ही पायांना. मग खुर्चीत बसून पाय समोर सरळ करून पाच आकडे धरायचा, तोही दहा वेळा. श्वास रोखायचा नाही. दुखणं वाढून रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मे करा. आणि तिला गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर ती आताच मोडा. ऑपरेशननंतर गुडघा पूर्ण सरळ होणं हेच सगळ्यात अवघड जातं, आणि उशीने तो वाकलेलाच राहतो.